माहीच्या करवंटीतली माती

२३ फेब्रुवारी, सोम.

"हिला राहू द्या. हिचं अजून आत चाललंय." साताऱ्याच्या बालवर्गात कमलबाई माझ्या वडिलांना म्हणाल्या होत्या. मी चार वर्षांची. जूनपासून वर्गात एक अक्षर बोलले नव्हते. वडील दारात उभे, हातात ओली छत्री. बाईंनी वळूनही पाहिलं नाही, फळा पुसता पुसता बोलल्या. त्या वर्षातलं बाकी काही आठवत नाही. हे एक वाक्य तेवढं.

आज आठवलं ते माहीच्या वडिलांच्या फोनमुळे. दिगंबर. तमिळनाडूत, त्रिचीला सोनं गाळायचं दुकान आहे. गलाईवाले. इथं विट्याच्या आसपास कुठल्याही गावात जा, घरटी एक माणूस असाच कुठल्या तरी लांबच्या शहरात भट्टीपुढे बसलेला. माही तिथंच जन्मली, तिथल्या शाळेत घातली, आणि दोन महिन्यांत घराबाहेर बोलायचीच थांबली. शाळा म्हणाली, पुढच्या वर्षी आणा. आईला दिवस गेलेले. म्हणून जूनमध्ये गावी, आजोबांकडे. तिकडं भाऊ झाला, तो तिनं फोनवरच पाहिलाय. घरी आप्पांशी बडबड करते म्हणे. माझ्या बालवाडीत आठ महिने झाले, शब्द नाही. मान हलवते, बोट दाखवते, बस.

दिगंबर म्हणाले, "बाई, चैत्रात यात्रंला येतोय. बोलायला लागली आसंल तर घेऊनच जातो, एप्रिलात तिकडं शाळेची मुलाखत हाय. न्हाई तर ऱ्हाऊ दे आनखी एक वर्ष आप्पांजवळ."

म्हणजे बोलली तर जाणार. नाही बोलली तर राहणार.

एक क्षण वाटलं, नको बोलू. लिहून ठेवते. खोडणार नाही.

२५ फेब्रु., बुध.

वर्गात ऋतूचा कोपरा मांडला. मुलांनी आणायचं, मी फक्त जागा द्यायची. सावरीची फुलं, आंब्याचा मोहोर (सार्थकनं अख्खी डहाळी मोडून आणली, त्याच्या आईला फोन करून माफी मागितली), एक मेलेला भुंगा, चिंचेचे आकडे, पानंच पानं.

सार्थक : "बाई, पिंपळानं सगळी कापडं काढली!"
मी : "का रे काढली?"
सार्थक : "उकडतंय त्याला."
आयान : "न्हाई, धुवायला टाकल्यात."

माही पानं लावत होती. लहान, मोठं, त्याहून मोठं. कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक पान ओळीत ठेवण्याआधी तळहातावर झटकायची. शेवटी तळहातावर जी धूळ जमली ती कागदात बांधून खिशात.

शकीलाभाभी झाडू घेऊन उभ्याच. आमच्या मदतनीस, माझ्या आधीपासून इथं आहेत. म्हणाल्या, "गलाईवाल्याची नात हाय. केर टाकून द्यायचा आसतोय ह्ये तिला कुनी शिकिवलंच न्हाई."

२८ फेब्रु., शनि.

पेरणीचं ठरलं. प्रत्येकानं घरून एक नारळाची करवंटी आणि ओंजळभर माती आणायची. आपल्या घरची माती. बी मी देणार, वाघ्या घेवडा. भावानं कोरेगावहून मुद्दाम आणून दिलाय, टपोरा, अंगावर वाघासारखे पट्टे. मुलांच्या हातात एकेक दाणा ठेवला तर वर्गात डरकाळ्याच सुरू.

संस्थेच्या सेक्रेटरींनी विचारलं, "मार्चमध्ये पेरणी? आणि एबीसीडीच्या वह्या?" वह्या पण होतील म्हटलं. होणार नाहीत.

२ मार्च, सोम.

माती आली! बावीस घरांची. काळी, तांबडी, मुरमाड, देवळासमोरची, एक चक्क मुंग्यांसकट. आयानच्या आजीनं शेणखत मिसळून पाठवलंय, वर्गाला वास. मुलांनी एकमेकांची माती हातात घेऊन पाहिली. तुझी चिकट. माझी टोचते. असा धडा मला ठरवून घेता आला नसता.

माहीची माती आप्पा स्वतः घेऊन आले. स्टीलचा डबा, तोंडाला फडकं बांधलेलं. दोन्ही हातांत धरून. आत राखाडी माती, पिठासारखी बारीक, चाळलेली.

"बाई, ह्यातला कन सांडू नगा."

"नाही सांडत आप्पा." म्हातारपणाची काळजी, असं समजले.

करवंट्या भरल्या. मुलांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाचं एक चित्र असतं. पायताणाच्या खणावर, डब्यावर, आता करवंटीवर. सार्थकची छत्री, आयानची मांजर, माहीचं बटण. दाणा बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत आत. माहीनं पेर तीनदा मोजून पाहिलं.

उद्या धुळवड, सुट्टी.

७ मार्च, शनि.

उद्याच्या रंगपंचमीसाठी पळसाचा रंग केला. फुलं मुलांनी तोडली, भाभींनी चुलीवर उकळली. केशरी पाणी. भाभींच्या पांढऱ्या ओढणीवर पहिला शिपका. "आवं, ही ईदंला घ्यायची हुती!" आणि स्वतःच हसत सुटल्या.

सार्थक ओरडत आला. "बाई, माझ्या वाघाचं डोस्कं आलं!"

दुपारपर्यंत सात करवंट्यांत माती फुगलेली, चिरलेली, कुठं हिरवी मान. माहीच्यात नाही. अजून वेळ आहे.

१० मार्च, मंगळ.

एकवीस आले. माहीचं नाही.

ती सगळ्यांच्या आधी येते. दप्तर न उतरवता करवंटीपुढे उकिडवी. पाणी घालते, झाकणानं मोजून. इतरांची रोपं बघत नाही. फक्त स्वतःची माती बघते, नाक टेकेल इतक्या जवळून.

आप्पा फाटकातून रोज विचारतात, "आलं का वो बाई?" आज मी ऐकू न आल्यासारखं केलं.

१२ मार्च, गुरु.

केलं ते लिहिते.

मुलं गेल्यावर जादा रोपांच्या ट्रेमधून एक चांगलं रोप उचललं आणि माहीच्या करवंटीत लावलं. वर तिची राखाडी माती सारखी केली. पाच मिनिटांचं काम. भाभी दारात.

"बाई, ह्ये काय?"

"दहा दिवस झाले भाभी. बघवत नाही."

"तुमास्नी बघवत न्हाई. तिनं कुटं सांगितलं तिला बघवत न्हाई म्हनून?" मग थोड्या वेळानं, फडकं पिळता पिळता, "करा. पर ती पोरगी लय बारीक बघती."

घरी येताना गाडीवर तेच. कुणासाठी केलं? तिच्यासाठी, की आप्पांना "आलं" म्हणता यावं म्हणून? नवऱ्याला, अ. ना, सांगितलं. चहा ओतत म्हणाले, "वीस वर्षं झाली, एकदा तरी माझ्या कुंडीत असं रोप लावलंस?" हसले. मला हसू आलं नाही.

१३ मार्च, शुक्र.

माही आली. बसली. खूप वेळ पाहिलं.

मग उठून माझ्यासमोर आली, करवंटी दोन्ही हातांत. आणि सगळ्या वर्गासमोर, अजिबात न अडखळता :

"ह्ये माझं न्हाई."

जाडसर आवाज. मी कल्पना केली होती त्याहून कितीतरी मोठ्या मुलीचा.

मग सार्थक, "बाई, माही बोलली!" आयान, "तिला आवाज हाय!" बावीसातले निम्मे टाळ्या वाजवायला लागले. नऊ महिने ज्याची वाट पाहिली ते हे. आणि माझे कान जळत होते.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "रात्रीत आलं असेल गं." म्हणाले. लिहिलं नाही तर विसरल्याचं नाटक करीन.

तिनं बोटानं रोपाच्या बुंध्याजवळ उकरलं. मुळांना काळी माती. ट्रेमधली. "ह्याची माती काळी हाय," ती म्हणाली. ओरडून नाही. मला दिसलं नसेल असं वाटून दाखवत होती.

मी खाली बसले. "मी लावलं माही. तुझं आलं नाही म्हणून मला वाईट वाटत होतं. तुला न विचारता लावलं. चुकलं माझं."

मग तिनं रोप अलगद, मुळं न तोडता काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं, आणि आपली नुसत्या मातीची करवंटी घेऊन जागेवर जाऊन बसली.

त्यानंतर दिवसभर शब्द नाही.

१४ मार्च, शनि.

सकाळी तिला विचारलं, "तुझा दाणा उकरून बघायचा?" मान हलवली. हो.

दाणा काळा पडलेला, मऊ, बोटात फुटला. वास आला, जळका, आंबट, घशाला लागणारा. आधी का नाही आला? मी आधी नाक लावलंच नव्हतं. तिचे आणि माझे हात साबणानं दोनदा धुतले. दुपारी करवंटी पिशवीत घालून आप्पांच्या घरी.

आप्पा ओट्यावर. मी विचारलं, "आप्पा, ही माती कुठली?"

"दुकानातली." जरा अभिमानानंच. "आमचं त्रिचीचं पैलं दुकान मोडलं, तवा एक पोतं आनलं हुतं म्या. सोनारांच्या दुकानातली झाडलोट आसती न्हवं, ती आमी इकत घ्यायचो. जाळायचो, राख धुवायचो, त्यातनं माल निगायचा. ह्ये शेवटचं पोतं. ह्यात अजून सोनं हाय बाई. पोरगं म्हनतंय गाळून टाकू. म्या हात लावू दिला न्हाई."

"मग शाळेत का दिलीत?"

माझ्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. "तुमी म्हनला, आपल्या घरची माती. नातीच्या शाळंत द्यायची म्हटल्यावर हिच्याहून चांगली माती माझ्या घरात हाय का? सदऱ्याच्या कापडातनं गाळून दिली."

मी दाणा दाखवला. त्यांनी हातात घेतला, वास घेतला.

"तेजाब," म्हणाले. "त्यात तेजाब, आसिड आसतंय. म्या कसा ईसरलो." हातांकडे बघत राहिले. बोटांवर जुने पांढरे डाग, नखं वाकडी झालेली. "चाळीस वर्सं माती हातात हाय माझ्या. आन् तिच्यात काय लावायचं आसतंय, त्ये मातर..." माही त्यांच्या मांडीवर चढून बसली, सदऱ्याच्या गुंड्या मोजायला लागली. अकरा म्हणाली. पाचच होत्या.

निघताना आप्पा दाढीचा ब्रश घेऊन आले. करवंटीतली राखाडी माती ब्रशनं झाडून पुन्हा डब्यात. कण सांडला नाही. मीही पिशवी उलटी करून झटकून दाखवली.

१६ मार्च, सोम.

पुन्हा पेरलं. करवंटी उकळत्या पाण्यात धुऊन घेतली. शाळेच्या कडुनिंबाखालची माती. दाणा तिनं निवडला, पट्टे मोजून. मी मातीला हात लावायला गेले तर, "तुमी नगा." बरोबर आहे.

१७ मार्च, मंगळ.

दोन शब्द आज. दोन्ही भाभींना. "भाभी, पानी." भाभी आत जाऊन डोळे पुसून आल्या, मग बाहेर येऊन तिलाच दटावलं, "एवढं पानी पिऊन कुटं जानार हायस?"

करवंटीशी मात्र बोलते. हळू, ओठांतल्या ओठांत. मी लांब बसते. ऐकू येत नाही. येऊ नये असंच वाटतं.

संध्याकाळी आप्पा फाटकात, लांबूनच हाका मारत. "बाई, दिगंबरला कळीवलं म्या! पोरगी वर्गात बोलली म्हनून! लय खूश झाला. तिकिटं काडतो म्हनला, चौगांची."

आप्पांना काय बोलणार. त्यांनी सांगायलाच हवं होतं. मी पण सांगितलं असतंच, कधीतरी.

चौघांची. माही धरून.

१८ मार्च, बुध.

उद्या पाडवा. कडुनिंबाचा मोहोर आणि गूळ वर्गात वाटला. आधी नुसता मोहोर चाखायचा, मग गुळाबरोबर. बावीस चेहरे कारलं खाल्ल्यासारखे. सार्थकनं दारातून थुंकून दिला, आयाननं न चावता गिळला आणि बढाई मारली.

माहीनं चावला. सावकाश. म्हणाली, "कडू." मग आणखी एक फूल घेतलं. "अजून कडू." सगळा वर्ग तिच्यामागून "अजून कडू, अजून कडू" ओरडत नाचायला लागला. ती दचकली. मग हसली. पहिल्यांदा दात दिसले, पुढचा एक किडका.

असंच बोलू दे तिला. कुणी विचारलं म्हणून नाही. तोंडात काहीतरी आलं म्हणून.

तिकडच्या मुलाखतीत टेबलापलीकडून विचारतील, नाव सांग, रंग सांग, इंग्रजीत सांग. आणि मग? तेच पुन्हा. आज जे दार बोटभर उघडलंय...

२२ मार्च, रवि. सातारा

आईकडे. आई पुरणाची डाळ निवडत होती, मी माहीचं सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला, तिच्या घरच्यांना कळायला नको का, दोन महिन्यांनी पुन्हा मुकी करून ठेवतील.

आई शांतपणे : "तिची आई काय म्हणते?"

मला माहीत नव्हतं. नऊ महिन्यांत मी तिच्या आईशी एकदाही बोलले नाही. फोन नेहमी वडिलांचा.

आई म्हणाली, "तू बोलत नव्हतीस तेव्हा तुझे वडील म्हणाले, वाईला आजोळी ठेवू वर्षभर. हवापालट. मी नाही पाठवलं. शाळेत नाही तर नाही, घरात माझ्याशी बोलायचीस ना. तेवढंही हातचं गेलं असतं तर मी काय केलं असतं?"

हे मला कधीच सांगितलं नव्हतं. मग डाळ पुढे सरकवली, "बोलत बसू नकोस, खडे बघ."

परतीच्या एस.टी.त कराडपर्यंत खिडकीला डोकं टेकून. नऊ महिने. रूपालीनं, माहीच्या आईनं, लेकीला नऊ महिने हात लावलेला नाही. आणि माझ्या डोक्यात ती एकदाही आली नाही. मी मुलीवर माया करत होते की मुलगी राखून ठेवत होते?

२३ मार्च, सोम.

आलं.

ती काही बोलली नाही. माझं बोट धरलं आणि घेऊन गेली. हिरवी, वाकलेली मान, डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन. दोघी पोटावर पालथ्या पडून बघत राहिलो. भाभींनी झाडून घेतलेली फरशी, तरी साडी खराब.

२७ मार्च, शुक्र.

आज चक्क गोष्ट सांगितली. मला नाही, आयानला. मी वह्या तपासायचं सोंग करून ऐकलं. बाळ आहे, त्याचं नाव अजून "बाळ"च आहे, ते फोनमध्ये राहतं. आप्पा फोन ठेवतात तेव्हा ते जातं.

आयान : "मग चार्जिंग संपल्यावर?"
माही : "मग मम्मीपण जाती."

४ एप्रिल, शनि.

आले. दिगंबर, रूपाली, बाळ. उद्यापासून गावची यात्रा, देवळावर दिव्यांच्या माळा, पाळणे आलेत.

मधल्या सुट्टीत तिघं थेट शाळेत. रूपाली लहानखुरी, डोळ्यांखाली काळं, कडेवर गुटगुटीत पोरगा. दारातच थांबली. "माहे..."

माही भाभींच्या मागे गेली. भाभींचा पदर तोंडावर घेतला.

रूपालीनं पुढं टाकलेलं पाऊल मागे घेतलं. मला वाटलं रडेल. रडली नाही. बाळाला खाली मुलांच्या सतरंजीवर ठेवलं आणि स्वतः त्याच्याजवळ बसली. मुलांच्या उंचीवर. मग माही पदराआडून निघाली, करवंटी उचलून आणली, आईपासून हातभर अंतरावर ठेवली.

"हात लावू नगंस. नुसतं बघ."

"बघती," रूपाली म्हणाली.

दिगंबर वऱ्हांड्यात फोनवर. संपल्यावर आत आले, मोठ्यानं, प्रेमानंच, "काय गं बाय माझे! बोल की आता! व्हॉट इज युवर नेम?"

माही जमिनीकडे.

"बोल की, ल्हान हायस का आता? व्हॉट इज युवर नेम?"

काही नाही. हसून माझ्याकडे वळले, "आप्पा तर म्हनत हुते बोलती म्हनून."

"बोलते," मी म्हणाले. "विचारलं नाही की बोलते."

"आसं कसं चालंल बाई? मुलाखतीत इचारत्यात की."

माणूस वाईट नाही. खिशातून तिच्यासाठी आणलेल्या रंगीत पिना काढल्या, एकेक तिच्या केसांना लावून बघत होता, जाड बोटांनी, एकही नीट बसेना.

७ एप्रिल, मंगळ.

यात्रा संपली. सकाळी रूपाली एकटीच आली, माही आणि बाळ आप्पांजवळ. मी तिला खुर्ची दिली, ती मुलांच्या बाकावर बसली.

"बाई, पैल्या रात्री जवळ घेतली तर माझ्या अंगाचा वास घेऊन बगितला तिनं. मग आप्पांच्याकडं जाऊन झोपली. काल मातर आली. सोताहून." बांगडी फिरवत राहिली. "तिकडं शाळंत मॅडम मला इचारायच्या, मुकी आहे का. मला त्यांची भाषा यायची न्हाई. मी पण गप्पच. दोगीबी मुक्या."

तिकडचं सांगितलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानातल्या सहा माणसांचा स्वयंपाक तिच्यावर. पहाटे पाचला चूल, म्हणजे गॅस, पण ती चूलच म्हणते. दुपारी भट्टीचा धूर वर येतो, खिडक्या बंद. शेजारी बोलायला कोणी नाही.

माझ्या मनात इतके दिवस एकच होतं. माहीला राहू द्या. आता तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. दहा महिने झालेत, आणि काल कुठं पोरगी सोताहून कुशीत आली. तिच्याकडून ती मागायची?

मग विचारलं, "रूपाली, तूच इथं राहिलीस तर? दोन्ही मुलांना घेऊन. थोडे महिने."

ती हसली. हसू थांबल्यावर म्हणाली, "मला कुटं ऱ्हायला आवडंल, ह्ये कुनी इचारलंच न्हाई अजून." उठली. दारापाशी थांबून, "तुमीच त्यास्नी बोला बाई. म्या बोलले तर भांडान हुतंय. तुमी बोलला तर निदान नीट न्हाई म्हनतील."

गाडी दहा तारखेची, सांगलीहून, सकाळी.

८ एप्रिल, बुध.

नाही गेले. दोनदा गाडी काढली, दोनदा आत लावली. भाभी म्हणाल्या, "आज डब्यात काय न्हाई खाल्लं तुमी." मग, "जावा की. न्हाई म्हनलं तर काय खिसा फाटतोय का आपला?"

माही शाळेत आली होती. मुलांना पाळण्याचं सांगत होती, हात वर करून, असा, आसा वर, पोटात गुदगुल्या. उद्याही येणार आहे म्हणाली. परवाचं तिला कुणी सांगितलं आहे की नाही, माहीत नाही. मी विचारलं नाही. मला विचारता येणार नाही.

९ एप्रिल, गुरु.

आज जाणार. पाच वाजता, दिगंबर घरी असतात, सामान बांधणं चालू असेल. समोर उभी राहिले की शब्द गोळा होत नाहीत माझे, म्हणून इथं लिहून घेते.

काय म्हणतील, माहीत आहे. दुकानातल्या सहा माणसांना कोण करून घालणार. शाळेत जागा धरून ठेवली आहे. भाऊबंद म्हणतील, बायकापोरं गावाकडं टाकली. आणि तुमी कोण, बाई? शेवटचं तोंडानं म्हणणार नाहीत, चहा विचारतील. बरोबरही आहे त्यांचं, निम्मं. त्यांनाही लेक दहा महिन्यांनी मिळाली आहे. त्यांनाही तिच्या केसांत पिन लावायची आहेच.

मुलाखतीबद्दल बोलायचं नाही. डॉक्टर, शास्त्र काही नाही. आप्पांचं वय काढायचं नाही, ते समोरच बसलेले असतील. माझं माहीवर किती मन आहे, हे तर अजिबात नाही.

एवढंच म्हणायचं :

"दिगंबरभाऊ, माही तुमची आहे, ती आज ना उद्या तुमच्याबरोबर जाणारच. पण आता कुठं तिला आई सापडतेय आणि बोलणंही सापडतंय, दोन्ही एकाच वेळी, एकाच अंगणात. तिकडं गेलं की पुन्हा पहाटेपासून आई सहा जणांच्या भाकरीत, आणि ही नव्या माणसांपुढे गप्प. तुमची अडचण मला दिसते. स्वयंपाकाला तिकडं कुणी बाई मिळेपर्यंत हाल होतील तुमचे, ते हाल मी मागतेय, हेही मला कळतंय. उद्याच्या गाडीनं तुम्ही एकटे पुढं जा. रूपालीला आणि दोन्ही लेकरांना दिवाळीपर्यंत इथं राहू द्या."